कडक आणि पक्की

गॅरेजवर येणाऱ्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात. इंजिन तापतं, ब्रेक ओरडतो, क्लच घसरतो, या तक्रारी गाडी स्वतः करते. "गाडी फार आपटते हो," ही तक्रार मात्र माणसाची कंबर करते. ती कुठल्या यंत्राला लावून मोजता येत नाही. एकाच गाडीतून, एकाच रस्त्यानं उतरलेली दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. चालवणारा म्हणतो, मजा आली. शेजारी बसलेला काहीच म्हणत नाही, नुसता कमरेवर हात ठेवून उभा राहतो.

आम्ही दोघे भाऊ. थोरला कोल्हापूरच्या उद्यमनगरात अब्बांच्या मागे गॅरेज चालवतो. धाकटा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला आणि आता दुपारचा गॅरेजवरच असतो. लिहिण्याचं काम धाकट्याकडे आहे, पण थोरल्यानं ऐकून मान हलवल्याशिवाय एकही ओळ पुढे सरकत नाही. म्हणून या लेखात जे काही आहे ते 'आमचं' आहे.

विषय आहे आमच्या भाच्याच्या गाडीचा. भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला. २०२३ च्या पावसाळ्यात त्यानं एक जुनी जर्मन बनावटीची गाडी घेतली. दोन दारं, दोनच आसनं, टप उघडणारा, आणि जमिनीला इतकी टेकलेली की शेजारून रिक्षा गेली तर रिक्षावाल्याचे गुडघे दिसावेत. पोराला लहानपणापासून याच गाडीचं वेड. वहीच्या शेवटच्या पानावर हीच गाडी काढायचा. स्वतःच्या कमाईवर घेतली, कर्ज काढून घेतली, पण कुणापुढे हात पसरला नाही. आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

गाडी आल्यावर पहिली सवारी अम्मीची, हे त्यानं ठरवूनच ठेवलं होतं. त्याची अम्मी म्हणजे आमची आपा, वय ६६. पुण्याहून कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. खंबाटकी, सातारा, कराड असं करत दोघं आली. त्या दिवसांत महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम चाललं होतं, दर थोड्या अंतरावर वळणरस्ता आणि वळणरस्त्यावर खड्डे. आपा घरी पोहोचली, हसली, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, नमाज खुर्चीवर बसून पढली आणि झोपली. चार दिवसांनी परत जायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "तू हो पुढं. मी एसटीनं येते. आता बायकांना अर्धं तिकीट झालंय, वाया कशाला घालवायचं?"

अर्ध्या तिकिटाचं कारण ऐकायला छान होतं. पण पुढच्या महिन्यात तेच झालं आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही. भाच्याच्या मनानं घेतलं की अम्मीला गाडी घेतलेलीच पसंत नाही. उधळपट्टी वाटते तिला, कर्ज वाटतं. तो फोनवर तुटक बोलायला लागला. ईदला आला तो बसनं आला, गाडी पुण्यातच ठेवून. आपाही काही बोलेना. दोन माणसांमध्ये एक गाडी येऊन उभी राहिली होती आणि ती कुणाला हलवता येत नव्हती.

शेवटी आपाच आमच्याकडे बोलली, तेही जेवताना, भाकरी मोडता मोडता. म्हणाली, "त्या गाडीत बसले की मला यांची पाठ दिसते."

'यांची' म्हणजे आमच्या दूल्हेभाईंची. ते २०१९ साली गेले. त्यांचा स्वतःचा ट्रक होता. कोल्हापूरचा गूळ घेऊन मुंबईला आणि गुजरातेत जायचे. येताना मिळेल तो माल, नाहीतर रिकामा ट्रक. ट्रकचा एक धर्म असतो. त्याचे पाटे दहा-बारा टन ओझ्याच्या हिशेबानं बनवलेले असतात. भरलेला ट्रक संथ झुलत जातो आणि रिकामा ट्रक दगडासारखा आपटतो, कारण पाट्यांना दाबायला वजनच नसतं. दूल्हेभाई म्हणायचे, माल भरलेला असला की खिशाला बरं आणि कमरेलाही बरं. चाळिशीतच त्यांच्या कमरेला पट्टा लागला. ट्रकवरून आले की पालथे पडायचे आणि आपा तेल कोमट करून मध्यरात्रीपर्यंत पाठ चोळायची. तीस वर्षं त्या बाईनं रस्त्याचे खड्डे आपल्या तळहातानं मोजले. पोराच्या गाडीत पहिला दणका बसला तेव्हा तिच्या हातानं तो ओळखला. तिला गाडी नापसंत नव्हती. तिला पोराच्या कमरेची भीती वाटत होती आणि तसं बोलून त्याच्या आनंदावर पाणी पाडायचं नव्हतं.

तिची भीती अडाणी नव्हती. बसलेल्या माणसाचं धड एका सेकंदात साधारण चार ते आठ वेळा वरखाली होणाऱ्या हादऱ्याला सगळ्यात जास्त दाद देतं. तो हादरा अंगात मोठा होत जातो, पोट हलतं, मणक्यांच्या चकत्या दाबल्या जातात. युरोपीय संघानं २००२ साली कामगारांच्या अंगाला दिवसभरात किती हादरे बसू द्यायचे याचा कायदाच केला, आणि ट्रॅक्टर, ट्रक, जेसीबी चालवणारे त्यात आले. आमच्याकडे तो हिशेब बायकांच्या तळहातावर राहिला.

आम्ही भाच्याला निरोप धाडला, गाडी घेऊन ये. अम्मीचं बोलणं त्याला सांगितलं नाही. ते सांगायचं तर तिनंच. आम्ही एवढंच म्हणालो, गाडी बघायची आहे.

गाडी आली तेव्हा भाचा आधीच चिडलेला. "मामू, स्पोर्ट्सकार आहे ती. कडकच असणार. मऊ पाहिजे तर पलंग घ्यावा." हे अनेक तरुणांचं म्हणणं असतं आणि त्यात अर्धं खरंही आहे. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, ब्रेक दाबला की नाक खाली घालते. स्प्रिंग कडक असली की हे कमी होतं आणि स्टिअरिंग वळवल्याबरोबर गाडी वळते. साधी घरगुती गाडी तिच्या स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते. धावपळीच्या गाडीला दीड-दोन किंवा थोडं जास्त ठेवतात. शर्यतीच्या गाडीत तर याहूनही पुष्कळ. त्यामुळे अशा गाडीत बसणाऱ्यानं बैठकीच्या गादीची अपेक्षा ठेवू नये, हे बरोबर.

पण कडक वेगळी आणि आपटणारी वेगळी. अब्बांचा शब्द होता 'पक्की'. गाडी पक्की पाहिजे, म्हणायचे. पक्की गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा एकदा 'ठक' होतं आणि संपतं. आपटणारी गाडी 'धडाड' करते, पुन्हा करते आणि रस्ता सपाट झाल्यावरही कुरकुरत राहते. भाच्याची गाडी आम्ही रंकाळ्याच्या बाजूला एक चक्कर फिरवली. ती आपटत होती.

अशा वेळी लोक एकदम स्प्रिंग बदलायला धावतात. आमचा रिवाज स्वस्तापासून सुरुवात करण्याचा, आणि सगळ्यात स्वस्त असते हवा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड चाकात हवा मोजली तर चारही चाकांत ४० च्या आसपास. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची छोटी चिकटपट्टी असते, तीवर लिहिलं होतं पुढे ३० आणि मागे ३२. पंक्चरवाल्याला वाटतं, भारी गाडी, भरपूर हवा. चाकातली हवा ही गाडीची पहिली स्प्रिंग असते. ती दगड झाली की मागचं सगळं फुकट.

दुसरी गोष्ट चाकांची. गाडी कंपनीतून १७ इंची रिमांवर आलेली. आधीच्या मालकानं शोभेसाठी १९ इंची बसवलेली. टायरवर २२५/४५ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ रुंदी २२५ मिलिमीटर आणि उंची तिच्या ४५ टक्के, म्हणजे साधारण १०१ मिलिमीटर. १९ इंची रिमावर बसलेला टायर होता २२५/३५ चा. त्याची उंची ७९. म्हणजे रस्ता आणि लोखंड यांच्यामधलं पाऊण इंचाहून जास्त रबर गेलं. त्यात ते टायर 'रनफ्लॅट' जातीचे. पंक्चर झालं तरी हवेशिवाय ८० किलोमीटर जाता यावं म्हणून त्यांच्या भिंती जाड आणि ताठ केलेल्या असतात. सोय मोठी आहे, डिकीत पाचवं चाक ठेवायला नको. पण ती जाड भिंत हवा असतानाही ताठच असते. शिवाय मोठं रिम जड. स्प्रिंगच्या खाली जेवढं वजन जास्त, तेवढा खड्ड्याचा दणका गाडीच्या अंगात जास्त चढतो.

गाडी लिफ्टवर घेतली आणि खरा रोग दिसला. आधीच्या मालकानं गाडी खाली बसावी म्हणून मूळ स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा घातल्या होत्या. प्रत्येक शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी ठोकळा असतो. मोठा खड्डा आला आणि स्प्रिंग पूर्ण दबली तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून तो शेवटचा आधार. या गाडीची बैठकच इतकी खाली की चाकाला वर जायला जागा नाही. लहानशा खड्ड्यातही गाडी थेट ठोकळ्यावर. ठोकळ्यांचा पार चुरा झाला होता. मागचा एक शॉकअप तेलानं ओला. पुढच्या एका लिंक रॉडचा बुश खाल्लेला, त्याचा खडखडाट वेगळाच. म्हणजे ज्याला भाचा 'स्पोर्ट्सकारचा कडकपणा' म्हणत होता, त्यातला बराचसा भाग नुसती मोडतोड होती.

मूळ स्प्रिंगा घालू म्हटल्यावर भाच्याचा चेहरा पडला. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये तीन बोटांची फट दिसेल, गाडी जीपसारखी दिसेल, मित्र हसतील. "मग ती स्पोर्ट्सकार कसली, मामू?"

तेव्हा धाकट्यातला मास्तर जागा झाला. इंग्लंडात कॉलिन चॅपमन नावाचा माणूस होऊन गेला, लोटस गाड्यांचा जनक. शर्यतीच्या गाड्यांत त्याच्याइतकी डोकेबाज माणसं थोडी. त्याची १९६२ सालची एलान ही गाडी वळणावर अजून नावाजली जाते आणि तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या. गाडी हलकी करायची, स्प्रिंग मऊ ठेवायची आणि शॉकअपनं तिचं झुलणं आवरायचं, ही लोटसची रीत. स्प्रिंगचं काम ओझं पेलणं आणि चाकाला वरखाली जाऊ देणं. शॉकअपचं काम ते झुलणं वेळेवर थांबवणं. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की दोघंही खराब होतात. आणि साधी गोष्ट ही की पकड रबराला असते आणि रबर रस्त्यावर टेकलेलं असेल तरच असते. गुळगुळीत शर्यतीच्या रस्त्यावर कडक गाडी भारी. कराडच्या वळणरस्त्यावर तीच गाडी उड्या मारते आणि उडालेलं चाक ना वळवतं, ना थांबवतं.

भाचा ऐकत होता. आम्ही त्याला दुसरं टोकही सांगितलं. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीचे प्रमुख बुलांजे यांनी आपल्या माणसांना सांगितलं होतं, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडं फुटू नये अशी गाडी करा. ती टू-सीव्ही गाडी १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली. योगायोग असा की त्याच वर्षी १ जूनला आपल्याकडे नगर-पुणे पहिली एसटी धावली. अंडी वाचली, पण ती गाडी वळणावर इतकी कलायची की पाहणाऱ्याला धडकी भरावी. फुकट काही मिळत नाही. आराम वाढवला की कुठेतरी कलावं लागतं.

दोन्ही एकदम साधायचा प्रयत्न अमर बोस यांनी केला. बंगाली बापाचा, अमेरिकेत जन्मलेला हा माणूस ध्वनियंत्रांसाठी जगाला माहीत आहे. १९८० पासून त्यांनी गाडीच्या आपटण्यावर काम चालवलं होतं. २००४ साली त्यांनी स्प्रिंग-शॉकअपच्या जागी विजेच्या मोटारी लावलेली गाडी जगाला दाखवली. ती खड्ड्यांवरून सपाट जायची, वळणावर कलायची नाही, समोरच्या अडथळ्यावरून उडीसुद्धा मारायची. पण यंत्रणा जड आणि महाग, त्यामुळे ती बाजारातल्या गाडीत आली नाही. त्याच विद्येतून २०१० साली काय निघालं तर ट्रक ड्रायव्हरची खुर्ची. हे सांगताना थोरला एकदम गप्प झाला. भाचाही. दूल्हेभाईंचा ट्रक आमच्या तिघांच्याही डोळ्यांसमोर उभा राहिला असणार. कुणी बोललं नाही.

थोड्या वेळानं भाचा म्हणाला, "घाला मूळ स्प्रिंगा."

काम आठ दिवस चाललं. १९ इंची रिमं विकली गेली, त्यात जुनी पण सरळ १७ इंची रिमं आली. टायर साधे घातले, रनफ्लॅट नाहीत. म्हणून डिकीत पंक्चरचं सामान आणि हवा भरायचा छोटा पंप ठेवला. शॉकअप मागचे दोन्ही बदलले, कारण शॉकअप जोडीनंच बदलायचा असतो. रबरी ठोकळे नवे, बुश नवे, शेवटी चाकांचं अलाइनमेंट. एक फायदा कागदाचाही झाला. कंपनीच्या मूळ मापात फेरफार करायला मोटार वाहन कायदा मनाई करतो आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं आहे. गाडी मूळ मापावर आली की रस्त्यात कुणी अडवलं तरी घाबरायचं कारण नाही.

जे आमच्या हातात नव्हतं ते तसंच राहिलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर पाठीचा असायला हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं गाडी सुखानं पार होते. गावोगावचे गतिरोधक हातभर रुंद आणि वीतभर उंच असतात. त्यांना कुठलीही स्प्रिंग पुरी पडत नाही. तिथं पायच आवरावा लागतो. गतिरोधकावर चढेपर्यंत ब्रेक दाबून ठेवू नये, हेही आम्ही भाच्याला शिकवलं. ब्रेकनं नाक खाली गेलेलं असतं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते. वेग आधी मारायचा, मग ब्रेक सोडून चाक अलगद वर चढू द्यायचं.

आपाला गाडीत बसवायचा प्रश्न उरला होता. तो आम्ही सोडवला नाही, भाच्यानंच सोडवला. गाडी न्यायला आला तेव्हा तो आपासमोर बसला आणि म्हणाला, "अम्मी, अब्बांच्या पाठीला तेल कुठलं लावायचीस?" त्याला कुणी सांगितलं होतं, की गॅरेजवर ट्रकच्या खुर्चीची गोष्ट ऐकताना त्याचं त्यालाच समजलं होतं, आम्ही विचारलं नाही. आपा खूप वेळ बोलली. आम्ही अंगणात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली. इतक्या खालच्या गाडीत बसायची एक रीत असते. आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना उलट. पाठ सरळ राहील इतपत सीट उभी केली, कमरेच्या खोबणीत घडी घातलेला टॉवेल ठेवला. आपानं आपल्या अटी घातल्या. कराडला थांबायचं, साताऱ्याला थांबायचं, वळणरस्त्यावर घाई नाही आणि टप उघडायचा नाही. पुण्याला पोहोचल्यावर तिनं फोन केला. आम्ही विचारलं, कशी आहे गाडी?

म्हणाली, "लागतं अजून. पण आता आपटत नाही."

यापेक्षा चांगली पावती आम्हाला आजवर मिळालेली नाही. ती गाडी पलंग झाली नाही आणि होणारही नाही. तिच्यात बसलं की रस्ता कळतो, डांबर कळतं, पुलाचे सांधे कळतात. ज्यानं ती हौसेनं घेतली त्याला तेच हवं असतं. पण रस्ता कळणं आणि रस्त्यानं मारणं यात फरक आहे, आणि तो फरक बहुतेक वेळा स्प्रिंगेत नसून कुणीतरी आधी केलेल्या शोभेत, कुणीतरी भरलेल्या हवेत, कुणाचं लक्ष न गेलेल्या एका रबरी तुकड्यात असतो. माणसांचंही थोडंफार असंच असावं. घरात एखादा ताठ झाला की आपण म्हणतो त्याचा स्वभावच तसा. खाली वाकून बघायला कुणी जात नाही.

आपा आता महिन्यातून एकदा पोराबरोबर येते आणि परत जाताना कधी गाडीनं, कधी एसटीनं जाते. अर्ध्या तिकिटाचा हिशेब तिनं सोडलेला नाही आणि भाच्याला आता त्याचं वाईट वाटत नाही. त्यानं कमरेचे व्यायामही सुरू केले आहेत.

त्यानंतर अशा खाली बसवलेल्या गाड्या घेऊन आणखी काही पोरं आमच्याकडे आली. त्याच्याकडूनच पत्ता मिळाला म्हणतात. कुणाला अजून खाली हवी असते, कुणाला अजून कडक. आम्ही नाही म्हणत नाही, चहा मागवतो. हवा मोजायच्या आधी एकच विचारतो, "शेजारच्या सीटवर कोण बसतं?"